खडकाळ किनाऱ्यावरचा परिसंस्था प्रकल्प: आधी ओहोटी, मग चौकट, बाण सगळ्यात शेवटी

गवत, नाकतोडा, बेडूक, साप, गरुड. मुंबईत राहणाऱ्या मुलाच्या प्रकल्पात ही पाच नावं ओळीने दिसली की मला कळतं, हे पोरगं घराबाहेर पडलेलंच नाही. आठवी ते दहावीचे परिसंस्थेचे प्रकल्प मी दरवर्षी तपासते. चार्टपेपर सुरेख असतो, स्केचपेनने रंगवलेला असतो आणि चूक दरवर्षी तीच असते. अन्नजाळं आधी काढून झालेलं असतं आणि मग त्याला शोभतील असे फोटो शोधलेले असतात. क्रमच उलटा असल्यामुळे बाण उलटे पडतात, विघटक गळून जातात आणि आकडे मनाने भरले जातात.

खाली दिलेली पद्धत बँडस्टँड, कार्टर रोड, हाजीअली अशा खडकाळ किनाऱ्यासाठी आहे. बागेत भक्षक शोधण्यात आख्खा दिवस जातो. खडकावर अर्ध्या मीटरच्या चौकटीत उत्पादक, शाकाहारी, मांसाहारी आणि मेलेलं खाणारे असे सगळे एकत्र बसलेले असतात, आणि त्यातले बरेचसे पळूनही जात नाहीत. दोन सकाळी किनाऱ्यावर आणि तीन संध्याकाळी घरी, एवढा वेळ हाताशी ठेवा. एका रविवारात उरकायला जाल तर चौथ्या टप्प्यापुढे सरकणार नाही.

## टप्पा १: ओहोटीची नुसती वेळ पाहू नका, उंचीही पाहा

सगळ्यात जास्त प्रकल्प इथेच बुडतात, तेही अक्षरशः. मुंबईत दिवसाला साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास जातात आणि वेळ रोज पाऊण तास, कधी तासभर पुढे सरकते. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. मात्र प्रत्येक ओहोटी सारखी खोल नसते, हे ध्यानात येत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. पाणी जेमतेम चढतं, जेमतेम उतरतं.

पहिल्या वर्षी मी रविवार पाहिला, अकराच्या सुमाराची ओहोटी पाहिली आणि नऊ मुलांना घेऊन निघाले. भरती-ओहोटीच्या तक्त्यात उंचीच्या रकान्यात १.९ मीटर लिहिलेलं होतं, तिकडे माझी नजर गेली नाही. आम्हाला जे खडक बघायचे होते ते सगळे पाण्याखाली. वडापाव खाऊन परत आलो.

तक्ता असा वाचायचा:

१. ओहोटीच्या ओळीत उंची १ मीटरच्या खाली आहे का ते बघा. ०.६ च्या खाली असेल तर उत्तमच. तक्त्यातलं शून्य म्हणजे समुद्राचा तळ नव्हे, मोजणीसाठी ठरवलेली पातळी. आकडा जितका लहान, तितका खडक जास्त उघडा.

२. एकाच दिवसाच्या दोन ओहोट्यांची उंची वेगवेगळी असते. एक ०.५, दुसरी १.५ असं सहज घडतं. तारीख ठरली म्हणजे झालं असं नाही, त्या तारखेची कुठली ओहोटी तेही ठरवावं लागतं.

३. उजेड बघा. ऐन पौर्णिमा-अमावास्येला मुंबईत भरती दुपारी बाराच्या आगेमागे आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आगेमागे येते. डिसेंबरात त्या वेळी अंधार असतो किंवा पडायला आलेला असतो. म्हणून तिथीनंतरच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवसाची सकाळची ओहोटी सोयीची पडते, अर्थात उंची जुळली तर.

४. ऑक्टोबर ते मे एवढेच महिने धरा. जून ते सप्टेंबर खडकांवर जायचं नाही. प्रकल्पाची तारीख ऑगस्टमधली असेल तर शिक्षकांशी बोला आणि सोसायटीतला वड किंवा पिंपळ घ्या. चौकट आणि बाणांचे नियम तिथेही हेच.

पडताळा: किनाऱ्यावरच्या लोकांची जुनी रीत आहे, तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला ८ × ३/४ = ६, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, आणि बाराच्या सुमारास ओहोटी. तास-अर्ध्या तासाचा फरक पडतो, म्हणून हिच्या भरवशावर घर सोडू नका. पण तक्ता वाचताना सकाळ-दुपारची गफलत झाली असेल तर ती लगेच पकडली जाते.

## टप्पा २: सामान घरीच जुळवा

चौकट घरी तयार करा. हार्डवेअरच्या दुकानात अर्धा इंची पीव्हीसी पाइप आणि चार एल्बो (काटकोनी जोड) मागा. पाइपचे चार सारखे तुकडे कापून एल्बोत बसवा, पण चिकटवायचं सोल्युशन लगेच लावू नका. मोजायची ती आतली बाजू. एल्बोमुळे लांबी बदलते, त्यामुळे ५० सेंटिमीटरचे तुकडे कापले म्हणून आतून ५० येईलच असं नाही. आतल्या कडेवर टेप धरा, ५० भरेपर्यंत तुकडा घासा किंवा बदला, मग चिकटवा. त्यानंतर प्रत्येक पाइपला दोन-तीन भोकं पाडा. पोकळ पाइप पाण्यावर तरंगतो आणि डबक्यात चौकट जागेवर राहत नाही; भोकांतून पाणी शिरलं की ती खाली बसते.

आता आतल्या कडेवर १०, २०, ३०, ४० सेंटिमीटरवर खुणा करून सुतळीचे चार उभे आणि चार आडवे धागे ताणून बांधा. २५ घरं तयार होतील, प्रत्येक घर १० × १० सेंटिमीटरचं. हे धागे सैल राहिले तर पुढची सगळी मोजणी सैल होते.

बाकी सामान: १० मीटर दोरी, दर मीटरला गाठ मारलेली. परीक्षेचं पॅड, पेन्सिल (पेनाची शाई पाण्याने पसरते), प्लॅस्टिकची पट्टी, प्रयोगशाळेतला अल्कोहोलचा थर्मामीटर, पीएच पेपर, जाड तळव्याचे बंद बूट, प्यायचं पाणी. तापाचा थर्मामीटर चालत नाही. तो ३५ अंशांच्या खालचं दाखवतच नाही आणि डबक्यातलं पाणी सकाळी त्याहून गारच असतं. एकदा एका मुलाने तीन डबक्यांचं तापमान ३५ लिहून आणलं होतं. बिचाऱ्याने प्रामाणिकपणे जे दिसलं ते लिहिलं.

जाळी, बरणी, चिमटा आणू नका. काहीही घरी न्यायचं नाही. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांचा पडलेला तुकडासुद्धा उचलायचा नाही.

सावधान: कुणीही एकट्याने जायचं नाही. सोबत किमान एक मोठं माणूस हवं आणि त्याला दुसरं काम द्यायचं नाही. त्याने फक्त समुद्राकडे आणि घड्याळाकडे बघायचं.

## टप्पा ३: पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं

ओहोटीच्या नेमक्या वेळेच्या दीड तास आधी पोचा. पाणी उतरत असताना त्याच्या मागोमाग खाली जायचं आणि ओहोटीची वेळ झाली की आवरायला लागायचं. उलटं केलं, म्हणजे ओहोटीच्या वेळी पोचून निवांत सुरुवात केली, तर तुमचं काम रंगात येईल तेव्हा पाणी मागून येईल. भरती सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढ चार मीटरचा असेल तर पहिल्या तासात साधारण ३३ सेंटिमीटर, दुसऱ्या तासात ६७ आणि तिसऱ्या तासात एक मीटर पाणी वाढतं. पहिल्या तासात "अजून कुठे काय" असं वाटतं, ते याचमुळे.

निघायच्या वेळेचा गजर मोबाइलवर लावा, मगच खडकावर पाय ठेवा. समुद्राकडे पाठ करून बसायचं नाही. हिरवं शेवाळ साबणासारखं असतं, त्यावर पाऊल न टाकता काळ्या कोरड्या खडकावरून चाला. बार्नॅकलने (खडकाला घट्ट चिकटून बसलेला, कवचातला बारका जीव) खरचटलेली जखम ब्लेडने कापल्यासारखी असते आणि लवकर भरत नाही. सिमेंटच्या चारपायी ठोकळ्यांवर, म्हणजे टेट्रापॉडवर, कुणीही चढायचं नाही. शंकूच्या आकाराचा सुंदर शंख दिसला तर त्याला हात लावू नका. शंकूशंखाकडे विषारी बाण असतो.

मग पंधरा मिनिटं एका जागी उभे राहा. तुम्ही आलात म्हणून खेकडे फटीत गेलेले असतात, ते परत बाहेर येऊ द्या. तेवढ्यात अजैविक घटकांची नोंद उरकते: तारीख, वेळ, तक्त्यातली ओहोटीची वेळ आणि उंची, ऊन की ढग, हवेचं तापमान, एका उथळ डबक्याचं तापमान, समुद्राच्या पाण्याचं तापमान, दोन्हींचा पीएच. समुद्राच्या पाण्याचा पीएच आठच्या थोडा वर असतो. पेपरवर पाच आला तर पेपर जुना आहे.

थर्मामीटर पाण्यात असतानाच वाचायचा. बाहेर काढून डोळ्यासमोर धरला की वाऱ्याने पारा, म्हणजे इथे अल्कोहोल, लगेच उतरतो.

## टप्पा ४: दोरी टाका, चौकट मांडा

दोरीचं एक टोक भरतीच्या खुणेजवळ ठेवा, जिथे खडक कोरडा आणि करडा दिसतो. दुसरं टोक पाण्याच्या दिशेने सरळ खाली न्या. चौकट १, ५ आणि ९ मीटरच्या गाठीवर ठेवायची, दोरीच्या उजव्या बाजूला, आणि ही बाजू घरूनच ठरवून यायची.

मुलं नेमकी इथे फसतात. गाठीपाशी नुसता उघडा दगड असतो आणि हातभर पलीकडे समुद्रफूल (फुलासारखा दिसणारा प्राणी, सी अॅनिमोन) फुललेलं असतं. चौकट आपोआप तिकडे सरकते. सरकवायची नाही. रिकामी चौकट हीसुद्धा नोंद आहे. तिथे ऊन जास्त लागतं, पाणी कमी वेळ पोचतं, म्हणून तिथे कुणी राहत नाही, आणि हेच तर तुम्हाला दाखवायचंय. समुद्रफुलाचा फोटो वेगळा काढा आणि "चौकटीबाहेर" असं लिहून ठेवा.

तीन चौकटींमधला फरक बहुधा असा दिसेल. वरच्या पट्ट्यात फटीत दडलेल्या बारक्या गोगलगायी. मधल्या पट्ट्यात बार्नॅकल आणि कालवं, खडकाला सिमेंटने चिकटवल्यासारखी. खालच्या पट्ट्यात शैवाल, समुद्रफुलं, आणि झोअँथिडचे, म्हणजे समुद्रफुलाच्या नातेवाइकांचे, हिरवट-तपकिरी गालिचे. तुमच्या जागी असंच दिसेल याची हमी नाही. वेगळं दिसलं तर वेगळंच लिहा.

दगड उलटायचा असेल तर एकच, हळू, आणि बघून झालं की होता तसाच परत ठेवायचा. दगडाच्या खालच्या ओल्या बाजूला राहणारे जीव उन्हात पडले की तासाभरात मरतात.

## टप्पा ५: मोजणी, इथे घाई चालत नाही

तीन तऱ्हेचे जीव तीन तऱ्हेने मोजायचे.

सुटे आणि मोठे (खेकडे, टोपीसारख्या शंखाचे लिंपेट, गोगलगायी): चौकटीतले सगळे एकेक करून मोजा. हलणारे आधी, चिकटलेले नंतर. तीन चौकटींत लिंपेट ७, १२ आणि ५ मिळाले, तर सरासरी ८. चौकट पाव चौरस मीटरची आहे, म्हणून चारने गुणा: चौरस मीटरला ३२.

बारके आणि खच्चून भरलेले (बार्नॅकल): सगळे मोजत बसू नका. घरून १ ते २५ आकड्यांच्या चिठ्ठ्या आणा, पाच चिठ्ठ्या काढा आणि तेवढीच घरं मोजा. समजा १८, ३१, ०, २४, २७ आले. बेरीज १००, सरासरी २०. एक घर १०० चौरस सेंटिमीटरचं आणि चौरस मीटरमध्ये अशी १०० घरं, म्हणजे चौरस मीटरला २,०००. मधलं शून्य गाळायचा मोह होतो. गाळलंत तर सरासरी २५ होईल आणि उत्तर ५०० ने फुगेल.

पसरलेले (शैवाल, झोअँथिड): यांची संख्या मोजता येत नाही. अर्ध्याहून अधिक भरलेली घरं मोजा आणि चारने गुणा, टक्केवारी मिळते. २५ पैकी ९ घरं भरलेली असतील तर ३६ टक्के. "शैवाल: ४ नग" असं लिहिलेलं मी पाहिलेलं आहे.

पडताळा: मोजलेल्या प्रत्येक शंखाकडे मिनिटभर बघा, आपली सावली त्याच्यावर न पाडता. शंख टुणकन उठून चालू लागला तर आत गोगलगाय नाही, शंखात बिऱ्हाड केलेला खेकडा आहे. हे भाडेकरू गोगलगायींच्या रकान्यात जाऊन बसले की पुढचं अन्नजाळंही चुकतं, कारण गोगलगाय शैवाल खरवडते आणि हा खेकडा मिळेल ते, त्यातही मेलेलं-कुजलेलं, खातो.

फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा. नाणं नको. एक रुपयाची नाणी वेगवेगळ्या आकारांत निघालेली आहेत, कुठलं नाणं होतं ते नंतर आठवत नाही.

## टप्पा ६: नाव माहीत नसेल तर नाव देऊ नका

"गोगलगाय अ", "गोगलगाय ब" असं लिहा, फोटोचा क्रमांक द्या, पुढे जा. मोबाइलच्या अॅपने सांगितलेलं लॅटिन नाव जसंच्या तसं उतरवलंत की तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येतो. मरीन लाइफ ऑफ मुंबई या उपक्रमाच्या किनारा-फेऱ्या असतात. एखाद्या फेरीला आधी जाऊन आलात तर ओळखीचं अर्धं काम होतं.

जातीचं नाव नसलं तरी चालतं, पण संघ आलाच पाहिजे. नेहमीच्या चुका अशा:

बार्नॅकल कवचात बसतो म्हणून त्याला मृदुकाय संघात ढकलतात. तो संधिपाद आहे, खेकड्याचा नातेवाईक. पटत नसेल तर पाण्याखाली असलेला एक बार्नॅकल निवडा आणि गुडघ्यावर बसून बघा. टोकाशी असलेली चिमुकली दारं उघडतात, आतून पिसासारखे पाय बाहेर येतात, मूठ वळल्यासारखे आत ओढले जातात, परत बाहेर. पाण्यातलं खाणं तो असं पायांनी आत लोटत असतो. सांधे असलेले पाय दिसले, संघ ठरला. मी ज्या मुलांना हे दाखवलं त्यांनी ही चूक परत केली नाही.

समुद्रफूल, झोअँथिड आणि प्रवाळ यांना वनस्पती समजतात. तिन्ही प्राणी आहेत, सिलेंटेराटा संघातले. स्पंजही प्राणी, रंध्रीय संघातला. समुद्री शैवाल मात्र उत्पादक; पण त्याला "पानं" आणि "मुळं" म्हणू नका, त्याला ती नसतात.

समुद्र बगळा गडद राखाडी असतो आणि पांढराही असतो. जात एकच, रंग दोन. नोंदवहीत हमखास दोन पक्षी होतात.

## टप्पा ७: कोण कुणाला खातं, याचा पुरावा

आता घरी या, पण चार्टपेपर अजून काढू नका. तीन रकान्यांचा तक्ता करा: खाणारा, खाल्लं जाणारं, मला हे कसं कळलं. तिसऱ्या रकान्यात फक्त तीन उत्तरं चालतात: पाहिलं, खूण सापडली, पुस्तकातून.

"पाहिलं" म्हणजे बगळ्याने डबक्यातून मासा उचलला, खेकडा मेलेल्या माशाला चिमटे काढत होता. "खूण सापडली" याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे भोक पाडलेलं शिंपलं. कालवाच्या किंवा शिंपल्याच्या रिकाम्या कवचावर टाचणीने पाडल्यासारखं गोल, स्वच्छ कडेचं भोक दिसलं, तर ते शिकारी गोगलगायीचं काम. ती कानशीसारख्या जिभेने कवच घासते, आम्लाने मऊ करते आणि आतला जीव खाते. अशा भोकाचा पट्टीसकट काढलेला एक फोटो इंटरनेटवरून उतरवलेल्या दहा चित्रांना भारी पडतो. "पुस्तकातून" यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त ते तसं लिहा.

तक्त्यात दोन गट नेहमी राहून जातात, कारण दोन्ही दिसत नाहीत.

पहिला, वनस्पती प्लवक. बार्नॅकल आणि कालवं पाणी गाळून खातात. पाण्यात काय आहे ते लिहिलं नाही तर मधल्या पट्ट्यातले हजारो जीव हवेवर जगतात असं चित्र उभं राहतं. किनाऱ्यावरच्या डोळ्यांना न दिसणारे हे हरित सूक्ष्मजीव समुद्रातले मोठे उत्पादक आहेत. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याचा थेंब ठेवून बघायला मिळालं तर उत्तम.

दुसरा, विघटक. जिवाणू आणि बुरशी. दगडाखालची वाळू बोटाने उकरली आणि खाली काळा, सडक्या अंड्यासारखा वास येणारा थर लागला, तर ती त्यांची खूण: प्राणवायू नसलेल्या जागी काम करणारे जिवाणू. खेकडा विघटक नाही. तो मेलेलं खातो, म्हणजे मृतभक्षक. त्याच्या पोटात ते अन्नच असतं. विघटक पदार्थाचे साधे घटक करून पाण्यात परत सोडतात आणि ते शैवालाला पुन्हा मिळतात. मृतभक्षक आणि विघटक एकाच चौकोनात लिहू नका.

मुंबईच्या किनाऱ्यावर निर्माल्य आणि प्लॅस्टिक दोन्ही सापडतील. झेंडूचा हार सेंद्रिय आहे, तो कुजतो, विघटकांच्या वाट्याला जातो, त्याची नोंद जाळ्यात येऊ शकते. प्लॅस्टिकची पिशवी कुणाचंही अन्न नाही. ती मानवी परिणामांच्या वेगळ्या रकान्यात. ओहोटीला कालवं काढणारी माणसं दिसली तर "माणूस" हा भक्षक तुमच्या जाळ्यात येतो, आणि अभिमानाने येऊ द्या. त्यांचा फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका. विचारलंत तर फोटोपेक्षा जास्त काही मिळेल. खडकावर काय कुठे असतं हे त्यांना आपल्या पुस्तकापेक्षा जास्त माहीत असतं.

## टप्पा ८: बाण

आता चार्टपेपर. उत्पादक खाली, त्यावर शाकाहारी आणि पाणी गाळून खाणारे, त्यावर मांसाहारी, सगळ्यात वर बगळा, घार, माणूस. विघटक एका कडेला, उभे.

बाण खाल्लं जाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे जातो. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, तरी हात उलटा चालतो, कारण मनात "बगळा मासा खातो" असं वाक्य असतं आणि बाण बगळ्यापासून सुटतो. उपाय सोपा आहे. बाण "च्या पोटात जातो" असा मोठ्याने वाचा. "मासा बगळ्याच्या पोटात जातो." बरोबर. "गोगलगाय शैवालाच्या पोटात जाते." हसू आलं की खोडरबर घ्या.

रेषा तीन तऱ्हेच्या काढा. पाहिलेल्याला सलग, खूण सापडलेल्याला तुटक, पुस्तकातल्याला ठिपक्यांची. बहुतेकांच्या कागदावर ठिपके जास्त निघतात, सलग रेषा तीन-चारच. असू द्या. सगळ्या रेषा सलग असलेलं जाळं मला संशयास्पद वाटतं.

सूर्य अन्नसाखळीची कडी नाही. तो कोपऱ्यात काढा आणि त्याचा बाण वेगळ्या रंगात फक्त उत्पादकांकडे न्या. विघटकांकडे सगळ्यांचे बाण येतात. तेवढे बाण काढले तर कागदाचा कोळीष्टक होतो, म्हणून "सर्व मृत अवशेष" असा एकच जाड बाण पुरे.

पडताळा: प्रत्येक प्राण्याकडे निदान एक बाण आलेला आहे का? ज्याच्याकडे एकही आला नाही, तो उपाशी आहे किंवा तुम्ही प्लवक विसरलात.

## टप्पा ९: मनोरा काढताना मोजणीचे आकडे वापरू नका

"बार्नॅकल २,०००, शिकारी गोगलगायी १६, बगळा १" असे आकडे रचून त्याला ऊर्जेचा मनोरा म्हणतात. तो संख्येचा मनोरा आहे. संख्येचा मनोरा उलटाही होऊ शकतो, जसं एका वडावर हजारो किडे. समुद्रात तर एखाद्या क्षणी प्लवकांचं एकूण वजन त्यांना खाणाऱ्यांपेक्षा कमी भरू शकतं, कारण प्लवक झपाट्याने वाढतात आणि तितक्याच झपाट्याने खाल्ले जातात. म्हणजे वजनाचा मनोराही उलटू शकतो. ऊर्जेचा मात्र उलटत नाही.

ऊर्जा आपल्याला किनाऱ्यावर मोजता येत नाही. म्हणून दहा टक्क्यांचा ढोबळ नियम वापरा आणि "काल्पनिक उदाहरण" असं ठळक लिहा: उत्पादकांकडे १०,००० किलोज्यूल, शाकाहाऱ्यांकडे १,०००, पुढच्यांकडे १००, बगळ्याकडे १०. उरलेली ऊर्जा "नष्ट झाली" असं लिहू नका. ती हालचालीत, श्वसनात उष्णता होऊन बाहेर जाते, आणि काही भाग न खाल्लेला किंवा न पचलेला राहून विघटकांकडे जातो.

## टप्पा १०: वही बांधताना

किनाऱ्यावरचा मूळ कागद शेवटी जोडाच, मिठाच्या पाण्याने सुरकुतलेला असला तरी. काही मुलं तो फाडून टाकतात आणि सुवाच्य प्रत लावतात. सुवाच्य प्रत लावा, पण मूळ कागदावरची खाडाखोड हाच तुमचा पुरावा आहे. दुसऱ्या सकाळचे आकडे पहिल्यापेक्षा वेगळे आले असतील तर दोन्ही ठेवा आणि काय बदललं होतं ते लिहा, ओहोटीची उंची, ऊन, माणसांची वर्दळ.

आणि पहिल्या पानावरची तारीख-वेळ नीट तपासा. वही हातात आली की मी आधी त्या दिवसाची तिथी बघते. पौर्णिमेला दुपारी बारा वाजता बँडस्टँडच्या खालच्या खडकावर बार्नॅकल मोजले असं लिहिलेलं असेल, तर त्या वेळी तिथे डोक्याच्या वर पाणी असतं, आणि पुढची पानं मी उलटत नाही.